गोव्यात लाकडाने बांधायचे, पण कोणत्या लाकडाने?

सिंगापूरच्या नान्यांग तंत्रज्ञान विद्यापीठाने २०२३ मध्ये ‘गाया’ ही सहा मजली इमारत वापरात आणली. जपानी वास्तुविशारद टोयो इतो यांच्या आराखड्यानुसार उभारलेल्या, सुमारे ४३,५०० चौरस मीटर क्षेत्राच्या या इमारतीचा सांगाडा मुख्यतः लाकडाचा आहे, आणि आशियातील सर्वांत मोठी लाकडी इमारत म्हणून तिचा गाजावाजाही बराच झाला. पुढे दोनच वर्षांत, २०२५ मध्ये, तिच्या लाकडी पृष्ठभागांवर ठिकठिकाणी बुरशी धरल्याच्या बातम्या आल्या. ज्यांच्या कपाटातले चामड्याचे पट्टे आषाढात पांढरे पडतात आणि ज्यांची दारे चौकटीत अडकून बसतात, त्या गोमंतकीयांना या बातमीचे नवल वाटायचे कारण नाही. वरवरच्या बुरशीने इमारत पडत नाही. ती पुसता येते आणि हवा खेळती ठेवून आटोक्यातही आणता येते, त्यामुळे त्या एका बातमीवरून लाकडी बांधकामाचा निकाल लावणे उतावीळपणाचे होईल. तथापि गोव्यात या बांधकामाचा विचार करताना नॉर्वे किंवा ऑस्ट्रियापेक्षा सिंगापूर डोळ्यांसमोर ठेवलेले बरे, एवढे त्यातून नक्की कळते.

विचार करण्याची वेळ मात्र आली आहे. वास्तुविशारदांच्या परिसंवादांत ‘मास टिंबर’ हा शब्द रुळला आहे, बंगल्यांच्या जाहिरातींत लाकडाला पर्यावरणस्नेही म्हणून स्थान मिळू लागले आहे, आणि दुसरीकडे लाकूड म्हटले की झाडांची कत्तल, म्हणून विषयच नको, असे म्हणणारा मोठा वर्गही आपल्याकडे आहे. मला हे दोन्ही पक्ष अर्धवट वाटतात. गोव्याने लाकडाकडे पुन्हा वळावे, या मताचा मी आहे. पण ते वळणे उंच मनोऱ्यांच्या आणि आयात केलेल्या फळ्यांच्या वाटेने होऊ नये, तर ठेंगण्या सार्वजनिक इमारतींच्या, जवळच्या लागवडीतील लाकडाच्या आणि आज उभ्या असलेल्या जुन्या छपरांच्या दुरुस्तीच्या वाटेने व्हावे.

आधी हे तंत्र काय आहे ते थोडक्यात पाहू. झाडाच्या ओंडक्यातून एकसंध तुळई काढायची तर जुने, जाडजूड झाड लागते. मास टिंबरमध्ये त्याऐवजी लहान झाडांच्या वाळवलेल्या फळ्या घेतात आणि त्या एकावर एक चिकटवून मोठे घटक तयार करतात. सर्व थर एकाच दिशेने लावले की ग्लुलॅम तुळई होते. एक थर उभा आणि दुसरा आडवा असे तीन, पाच किंवा सात थर दाबून चिकटवले की क्रॉस लॅमिनेटेड टिंबरचा म्हणजे सीएलटीचा तक्ता होतो, जो भिंत किंवा जमीन म्हणून थेट बसवता येतो. हे दुसरे तंत्र ऑस्ट्रिया आणि जर्मनीत १९९० च्या दशकात आकाराला आले. काँक्रीटचा घनमीटर सुमारे २,४०० किलो भरतो, तर सीएलटीचा ५०० किलोच्या आसपास. त्यामुळे पाया हलका होतो, घटक कारखान्यातून कापूनच येतात आणि जागेवरचे काम महिन्यांऐवजी आठवड्यांत उरकते.

यापुढची कहाणी उंचीच्या चढाओढीची आहे, आणि तिच्यात मला फारसे स्वारस्य नाही. लंडनमध्ये २००९ मध्ये नऊ मजले झाले, व्हँकुव्हरच्या विद्यापीठात २०१७ मध्ये अठरा, नॉर्वेतील ब्रुमुंडाल गावी २०१९ मध्ये ८५.४ मीटरचा म्योस्टोर्नेट मनोरा आणि अमेरिकेतील मिलवॉकी शहरात २०२२ मध्ये पंचवीस मजल्यांची ‘असेंट’. या शेवटच्या दोन इमारतींविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. म्योस्टोर्नेटच्या वरच्या मजल्यांवर काँक्रीटच्या लाद्या मुद्दाम घातल्या आहेत, कारण निव्वळ लाकडाचा मनोरा इतका हलका होतो की वाऱ्याने त्याचे डोलणे राहणाऱ्यांना जाणवले असते. आणि असेंटचे खालचे वाहनतळाचे मजले व जिने-लिफ्टचे गाभे काँक्रीटचेच आहेत. यात लबाडी नाही, उत्तम अभियांत्रिकी आहे. पण उंची वाढली की लाकडाचा स्वाभाविक फायदा कमी होत जातो, हे त्यातून दिसते. ज्या राज्यात बहुतेक गावांत तीन-चार मजल्यांपुढे जाण्याची गरजही नाही आणि लोकांची इच्छाही नाही, त्या राज्याने या स्पर्धेकडे प्रेक्षक म्हणून पाहावे.

तरीही जग लाकडाकडे वळते आहे त्याला सबळ कारण आहे. जगातील एकूण कर्बवायू उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांचा आहे. त्यातही अडचण अशी की भट्टीचे इंधन बदलले तरी हे उत्सर्जन संपत नाही. चुनखडी तापवली की तिच्यातूनच कर्बवायू बाहेर पडतो, आणि सिमेंटच्या उत्सर्जनाचा निम्म्याहून अधिक भाग या रासायनिक क्रियेचा असतो. याउलट कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कर्ब असतो, जो झाडाने हवेतून घेतलेला असतो. एक घनमीटर लाकूड इमारतीत बसवले म्हणजे पाऊण ते एक टन कर्बवायू त्या इमारतीच्या आयुष्यापुरता अडकून पडतो. ‘इमारतीच्या आयुष्यापुरता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ओसाकाच्या २०२५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी सोऊ फुजिमोतो यांनी सुमारे दोन किलोमीटर परिघाचे भव्य लाकडी वर्तुळ उभारले, पण ते प्रदर्शन एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच चालले, आणि त्यातल्या लाकडाचे पुढे काय करायचे हा वाद रचना उभी असतानाच सुरू झाला होता. सहा महिन्यांसाठी अडकवलेल्या कर्बाचे श्रेय किती घ्यायचे?

खरा वाद मात्र झाड तोडण्याच्या क्षणापाशी आहे. लाकूड तोडले, फळ्या काढल्या, तर ओंडक्याचा बराच भाग भुसा, साल आणि तुकडे म्हणून बाहेर पडतो आणि बहुतांशी जळतो. मुळे जमिनीत कुजतात. आणि तोडले नसते तर त्या झाडाने पुढे जो कर्ब शोषला असता तोही बुडतो. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या २०२३ च्या अहवालाने हा हिशेब मांडून, उभ्या जंगलातील लाकूड बांधकामासाठी तोडल्यास पुढील काही दशके उत्सर्जन कमी न होता वाढण्याचाच संभव अधिक, असे बजावले. त्याआधी एक वर्ष पॉट्सडॅमच्या हवामान संशोधन संस्थेतील संशोधकांनी वेगळे चित्र रंगवले होते: शहरांत नव्याने येणाऱ्या लोकसंख्येपैकी ९० टक्के लोकांना मध्यम उंचीच्या लाकडी घरांत वसवले, तर २१०० पर्यंत सुमारे १०६ अब्ज टन कर्बवायू वाचेल. पण त्यासाठी जगभरात सुमारे १४ कोटी हेक्टर नवी लागवड लागेल, हेही त्यांनीच सांगितले. म्हणजे भारताच्या एकूण क्षेत्रफळाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक जमीन. हे दोन अभ्यास वरवर एकमेकांविरुद्ध दिसतात, परंतु एका मुद्द्यावर ते एकत्र येतात: लाकडी इमारत हवामानाच्या उपयोगाची आहे की नाही, हे लाकूड कोणत्या जमिनीतून आले यावर ठरते. उभे रान तोडून बांधलेली इमारत कितीही देखणी असली तरी ती तोट्याची. आधीच तोडले जाणार असलेले, लवकर वाढणारे किंवा वाया जाणारे लाकूड वापरलेली इमारत फायद्याची.

गोव्यातील पर्यावरणवादी मित्रांचा आक्षेप इथेच सुरू होतो आणि त्यामागे इतिहास आहे. मोले येथील भगवान महावीर अभयारण्यातून जाणारा दुपदरी लोहमार्ग, महामार्गाचे रुंदीकरण आणि वीजवाहिनी या तीन प्रकल्पांविरुद्ध २०२० पासून जे आंदोलन उभे राहिले, त्याने झाड या विषयावर गोव्याचे मन हळवे आणि सावध केले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोहमार्गाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, तेव्हा त्या सावधपणाला बळही मिळाले. माडाला झाडांच्या कायद्यातून वगळण्याची २०१६ ची दुरुस्ती इतकी अंगाशी आली की पुढच्याच वर्षी नव्या सरकारला माड पुन्हा मानाने परत आणावा लागला. अशा समाजाला ‘लाकडाने बांधा’ असे सांगणे सोपे नाही.

पण याच मित्रांना मी एक प्रश्न विचारू इच्छितो. तो दुपदरी लोहमार्ग नको होता, कारण त्यावरून मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा बल्लारीकडच्या पोलाद कारखान्यांना जाणार होता. त्या पट्ट्यातले पोलाद सळ्यांच्या रूपाने ज्या बाजारात येते, त्यात गोव्याची बांधकामेही आहेत. सिमेंट कलबुर्गी-बागलकोटच्या चुनखडी पट्ट्यातून घाट उतरते, खडी आपल्याच डोंगरांच्या पोटातून निघते आणि रेतीसाठी शापोरा-तेरेखोलच्या पात्रांचे जे झाले ते न्यायालयांच्या कागदपत्रांत नोंदलेले आहे. म्हणजे काँक्रीटच्या घरात झाड दिसत नाही म्हणून रान वाचते, असे नाही. जी नासधूस दिसते तिच्याविरुद्ध आपण उभे राहतो, आणि जी सळईच्या आत दडलेली असते तिच्यात उद्घाटनाच्या दिवशी राहायला जातो.

मग लाकूड आणायचे कुठून? देशाच्या पातळीवर याचे उत्तर सरकारी धोरणांनी बराच काळ ‘कुठूनच नको’ असे दिले. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने लाकडाला पर्यायी साहित्य वापरण्यावर भर दिला, १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने आपल्या कामांत लाकूड वापरण्यावर बंदी घातली, आणि गोदावर्मन खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने वृक्षतोड आणि आरागिरण्यांवर कडक निर्बंध आले. त्या काळी या उपायांची गरज होती, यात वाद नाही. परिणाम असा झाला की जंगल काही प्रमाणात वाचले, पण लाकूडकामाचे शिक्षण, प्रमाणके आणि कौशल्य दोन पिढ्यांत झिजून गेले आणि मागणी आयातीकडे वळली. केंद्रीय खात्याची बंदी २०२० मध्ये उठली. तोवर सरकारी अभियंत्यांची एक अख्खी पिढी लाकडाच्या तुळईची गणिते न करताच निवृत्तीला आली होती.

गोव्यात दिवाणखान्याचा दरवाजा ‘बर्मा टीक’चा असल्याचे अभिमानाने सांगतात. म्यानमारच्या लष्करी राजवटीतील सरकारी लाकूड महामंडळावर अमेरिका आणि युरोपीय संघाने २०२१ मध्ये निर्बंध घातले, हे त्या दरवाजाच्या किमतीत कुठे लिहिलेले नसते. युरोपातून सीएलटीचे तक्ते जहाजाने आणणे याहून नक्कीच स्वच्छ, पण तेही थंड प्रदेशातील मऊ लाकूड, आपल्या वाळवीला आणि दमटपणाला न सरावलेले. अशा आयातीवर उभे राहिलेले धोरण श्रीमंतांच्या बंगल्यांपुरतेच राहील.

माझ्या मते गोव्याच्या लाकडाचा शोध खाणपट्ट्यात सुरू व्हायला हवा. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत खनिजाच्या मातीच्या ढिगांवर आणि वनखात्याच्या जुन्या लागवडींत आकेशियाची झाडे मोठ्या प्रमाणात लावली गेली. ऑस्ट्रेलियाकडून आलेले हे झाड निकस जमिनीतही तरारते, पण त्याखाली गवत धड वाढत नाही, त्याला जनावर तोंड लावत नाही आणि ते काढून स्थानिक झाडे लावावीत ही मागणी गावागावांतून होत आली आहे. म्हणजे तोडण्याविषयी ज्याच्या बाबतीत फारसे दुमत नाही असे हे झाड. आज ते बहुतांशी जळाऊ लाकूड म्हणून जाते, आणि जाळले की त्यातला सगळा कर्ब पुन्हा हवेत. कारण उघड आहे: आकेशियाचे खोड सरळ वाढत नाही. पुरुषभर उंचीवरच त्याला फाटे फुटतात, ओंडका वाकडा निघतो, आणि आरागिरणीवर त्यातून हातभर-दोन हात लांबीच्या पट्ट्यांपलीकडे काही मिळत नाही. जुन्या पद्धतीच्या सुताराला त्याचा उपयोग शून्य.

नव्या तंत्राचे खरे मोल इथे आहे. आखूड पट्ट्यांच्या टोकांना दातेरी खाचा पाडून, दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तशा त्या जोडून चिकटवल्या की हवी तेवढी लांब फळी होते, आणि अशा फळ्यांचे थर लावून तुळई. वाकड्या झाडातून सरळ तुळई काढण्याची ही युक्ती गोव्याला म्योस्टोर्नेटपेक्षा शंभरपट उपयोगाची आहे. हे काम सोपे आहे असा माझा दावा नाही. आकेशियाचे लाकूड जड आणि घट्ट असल्यामुळे डिंक त्यात नीट मुरत नाही, वाळताना ते पिळवटते, आणि चिकटवण्यातली चूक महाग पडते. अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठात २०१८ मध्ये बांधकाम चालू असतानाच सीएलटीचा तक्ता चिकट थर सुटून कोसळला होता, आणि तो तर या धंद्यात मुरलेला देश. म्हणूनच आधी फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात या लाकडाच्या तुळया मोडून पाहिल्या पाहिजेत, एक-दोन पावसाळे त्या उघड्यावर आणि वळचणीखाली ठेवून त्यांचे काय होते ते नोंदवले पाहिजे. खाण पुनर्वसनाच्या नावाने गोव्यात जे खर्च होतात त्यांच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

आकेशियाच्या जोडीला माड आहे. गोव्यात सुमारे २५ हजार हेक्टरांवर माड उभा आहे, आणि म्हातारे, नारळ न देणारे माड दरवर्षी पडतात किंवा पाडावे लागतात. माडाच्या खोडाचा बाहेरचा भाग कठीण आणि गाभा मऊ असतो. आपल्या पूर्वजांनी हे ओळखून बाहेरच्या भागाचे वासे केले आणि पोफळीच्या रिपा. केरळने रबराच्या बाबतीत हेच केले: चीक आटलेली झाडे पूर्वी चुलीत जात, आता बोरॉनची प्रक्रिया करून त्यांचे फर्निचर होते. बांबूसाठी तर दूर जायलाच नको. शेजारच्या कुडाळात कोनबॅक ही संस्था बांबूची बांधकामे करते, २०१७ च्या कायदादुरुस्तीने वनेतर जमिनीवरचा बांबू वृक्षतोडीच्या कचाट्यातून सुटला, आणि बंगळुरूच्या विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचे बांबूचे छत रोज हजारो प्रवासी मान वर करून पाहतात.

आता बुरशी, वाळवी आणि आग. कारखान्यातून निघताना सीएलटीत सुमारे १२ टक्के ओलावा असतो. आपल्याकडे पावसाळ्यात हवेची आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांच्या वर राहते, आणि अशा हवेत लाकूड स्वतःहून १७-१८ टक्क्यांपर्यंत ओलावा ओढून घेते. त्यात कुठे गळती झाली की कुजण्याची पायरी जवळच. त्यामुळे जमिनीपासून उचललेले जोते, रुंद वळचण, दोन्ही बाजूंनी हवा लागणाऱ्या तुळया आणि सहज बदलता येणारे घटक या गोष्टी गोव्यात हौसेच्या नसून अटीच्या आहेत. बोरॉनची प्रक्रिया वाळवी आणि भुंग्याला रोखते, पण पावसाचे पाणी थेट लागले तर ते बोरॉनचे मीठ धुऊन जाते, म्हणजे पुन्हा वळचणच आली. काचेच्या पेटीत लाकूड कोंडून आत वातानुकूलन यंत्रे लावण्याची जी शैली मासिकांच्या मुखपृष्ठांवर दिसते, ती आपल्या हवेत लाकडाशी वैर धरणारी आहे.

आगीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जाड लाकूड जळताना त्याच्या बाहेरच्या बाजूला कोळशाचा थर तयार होतो आणि तो आतल्या लाकडाचे रक्षण करतो. हा थर मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर या गतीने आत सरकतो, त्यामुळे तासाभराच्या आगीसाठी तुळई किती जाड हवी याचा हिशेब आधीच करता येतो. उघडे पोलाद त्याच आगीत मऊ पडून वाकते. हे सगळे शास्त्रशुद्ध आहे. पण लंडनच्या ग्रेनफेल इमारतीत २०१७ मध्ये बाहेरील ज्वलनशील आवरणामुळे ७२ माणसे गेली, तेव्हा इंग्लंडने पुढच्याच वर्षी १८ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्यावर बंदी आणली आणि सीएलटीलाही तिचा फटका बसला. आपल्याकडे डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत २५ जणांचे बळी गेले. त्या आगीचा मास टिंबरशी संबंध नाही. संबंध आहे तो परवाने, बाहेर पडण्याच्या वाटा आणि तपासणी यांच्याशी. जिथे अग्निशामक बंब रस्त्याच्या रुंदीमुळे दारापर्यंत पोहोचत नाही, तिथे कोळशाच्या थराचे गणित सांगून लोकांना धीर देता येणार नाही. म्हणून सुरुवात तळमजला किंवा फार तर एक मजला असलेल्या इमारतींपासून करावी, जिथून माणूस अर्ध्या मिनिटात अंगणात येतो. अंगणवाडी, प्राथमिक शाळा, पंचायतघर, बाजाराची शेड, बसथांबा, वाचनालय. याला कुणी कमी महत्त्वाकांक्षेचे म्हणेल, पण गोव्यातील सरकारी बांधकामांचा मोठा भाग नेमका हाच आहे.

अडचण अशी की सार्वजनिक बांधकाम खात्याचा अभियंता मनात आले तरी हे करू शकत नाही. त्याच्या दरसूचीत आकेशियाच्या ग्लुलॅम तुळईला दर नाही. दर नाही म्हणून अंदाजपत्रक नाही, अंदाजपत्रक नाही म्हणून निविदा नाही, आणि कुणी धाडस केलेच तर लेखापरीक्षणात खुलासा त्यालाच द्यायचा. अशा व्यवस्थेत तो आरसीसीचा स्लॅब टाकतो, यात त्याचा दोष नाही. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत त्या स्लॅबच्या सळया गंजून काही दशकांत छताचे पोपडे पडू लागतात, तोवर त्याची बदली झालेली असते.

इथे डेन्मार्कचे उदाहरण मला अधिक पटते. त्या देशाने जानेवारी २०२३ पासून एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या नव्या इमारतींना, त्यांच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनाचा हिशेब करून, दर चौरस मीटरमागे वर्षाला १२ किलो कर्बवायूची मर्यादा घातली. लाकूड वापरा किंवा वापरू नका, असे सरकार सांगत नाही. हिशेब दाखवा, एवढेच सांगते. गोवा सरकारने निदान स्वतःच्या इमारतींसाठी असा हिशेब सक्तीचा केला, तर जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, मातीचा गिलावा, माडाचे वासे आणि मंगळुरी कौले यांचे मोल आपोआप कागदावर येईल, आणि लाकूडवाल्यांनाही आपला माल कुठून आला हे सिद्ध करावे लागेल. फक्त लाकडाला अनुदान देण्याची कल्पना मला धोक्याची वाटते, कारण अनुदान लागू झाले की पहिली कुऱ्हाड सर्वांत जवळच्या रानावर पडते.

आणि या हिशेबात सर्वांत स्वस्त ठरते ती आधीच उभी असलेली इमारत. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील दर पाच घरांमागे एकाहून अधिक घर रिकामे आढळले होते. त्यांत विक्रीसाठी बांधून ठेवलेल्या सदनिका आहेत, तशीच वडिलोपार्जित घरेही आहेत. समान नागरी कायद्याच्या वारसापद्धतीमुळे एकेका घराला मुंबईपासून लिस्बनपर्यंत पसरलेले अनेक भागीदार असतात, इन्व्हेंटरीचा म्हणजे वारसांतील वाटणीचा दावा वर्षानुवर्षे चालतो, आणि सर्वांचे घर म्हणजे कुणाचेच नाही अशी गत होऊन मे महिन्यात कौले परतायला कुणी उरत नाही. एक कौल सरकले की त्याखालचा वासा भिजतो.

हे कुजणे कसे होते ते एखाद्या जाणत्या मेस्ताबरोबर, म्हणजे सुताराबरोबर, माळ्यावर चढून पाहावे. तो आढ्याकडे बघतही नाही. थेट वाशाचे टोक जिथे जांभ्याच्या भिंतीत शिरते तिथे जातो, कारण जांभा पाणी धरून ठेवतो आणि वारा लागत नाही ते ठिकाण तेच. वाकसाच्या पाठीने तो टोकावर ठोकतो. खणखणीत आवाज आला तर पुढे सरकतो. बद्द आवाज आला तर किकऱ्याने थोडे उकरून कूज किती आत गेली ते बघतो. बहुतेक वेळा वाशाचे टोक एवढेच गेलेले असते आणि उरलेला वासा, मग तो किंदळाचा असो वा माट्टीचा, दगडासारखा शाबूत असतो. तेवढे टोक कापून, तिरपा सांधा घालून नवा तुकडा जोडला आणि भिंतीतली खोबण हवेशीर ठेवली की तो वासा पुन्हा कित्येक पावसाळे काढतो. त्याऐवजी आज काय होते? कंत्राटदार सांगतो की लाकूड गेले, सगळे उतरवा. शतकभर टिकलेले वासे भंगारवाल्याकडे जातात, त्यांतले चांगले ते कळंगुट-आसगावच्या उपाहारगृहांत सजावटीला लागतात, आणि घरावर लोखंडी चौकट व पत्रा चढतो. तो वासा ज्या झाडाचा होता तसे झाड आज लागवडीतून मिळत नाही. बांदिवडेच्या नागेशी देवळातल्या सभामंडपाचे कोरीव लाकूडकाम आपण वारसा म्हणून जपतो, आणि त्याच परंपरेतील कारागिराला गावात छपराचे काम मिळत नाही.

म्हणून सरकारला काही करायचेच असेल, तर भागीदारांच्या संमतीची वाट न पाहता छप्पर दुरुस्तीची तात्पुरती परवानगी देणारी साधी तरतूद, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत छपराच्या सुतारकामाचा अभ्यासक्रम, आणि उतरवलेल्या जुन्या लाकडासाठी तालुक्याला एक सरकारी गोदाम, एवढ्याने आरंभ करता येईल. जुने लाकूड तपासून, दर ठरवून, पंचायतींच्या कामांना देता येईल. यातल्या कशालाही परदेशी सल्लागार लागत नाही.

राहिला बंगल्यांचा विषय. नगरनियोजन कायद्यातील १७(२) आणि ३९अ या कलमांखाली शेती आणि बागायतीच्या जमिनींची जी रूपांतरे झाली, त्यांवरून गोव्यात किती रण माजले ते सर्वांना ठाऊक आहे. १७(२) खालील नियम उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्दही केले. उद्या याच जमिनींवर, डोंगराची कड कापून, आयात लाकडाचे देखणे बंगले उभे राहतील आणि त्यांच्या माथी हरित प्रमाणपत्राची पाटी लागेल. जो उतार त्यासाठी कापला त्यावरच्या झाडांचा आणि मातीतल्या कर्बाचा हिशेब त्या प्रमाणपत्रात धरला जाणार नाही. त्यापाठोपाठ, आम्ही लाकडाने बांधतो म्हणून वाढीव चटई क्षेत्र द्या, अशी मागणी येईल, आणि ती करणारे लोक वजनदार असतील. ती मागणी सरसकट फेटाळायलाही माझी हरकत नाही. पण विचारात घ्यायचीच असेल, तर नगरनियोजन खात्याने अर्जासोबत लाकूड कोणत्या लागवडीतून आले त्याचा दाखला, त्या भूखंडाचा रूपांतरापूर्वीचा वापर आणि तिथे आधी घर असल्यास ते दुरुस्त का झाले नाही याचा अभियंत्याने सही केलेला अहवाल मागावा, आणि हे तिन्ही कागद ग्रामसभेपुढे ठेवल्याशिवाय फाइल पुढे सरकवू नये.